उताऱ्यात आहे तेवढेच



आपल्या पॅरिश हॉलच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. रात्री दहा वाजता पंखे-दिवे बंद झाले की नाही हे पाहायला आम्ही वर जातो, तेव्हा चार-पाच मुले-मुली हमखास अजून वाचत बसलेली असतात. कोणी बँकेच्या परीक्षेची तयारी करीत असते, कोणी राज्यसेवेची, तर कोणाचे लक्ष थेट केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे असते. अशाच एका रात्री त्यांतल्या एका मुलीने आमच्यासमोर एक कागद ठेवला. म्हणाली, "फादर, तुम्ही फिलॉसॉफी शिकलात ना? मग हे सोडवून दाखवा."

कागदावर दहा प्रश्न होते. प्रत्येकात चार-पाच ओळींचा उतारा आणि त्याखाली चार निष्कर्ष. ज्या निष्कर्षाला उताऱ्याचा सर्वांत भक्कम आधार आहे, तो निवडायचा. आम्ही मनात म्हटले, यात काय अवघड आहे? सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. चष्मा लावला आणि भराभर खुणा केल्या. दहापैकी तीन उत्तरे चुकली.

त्यांतला एक प्रश्न आम्हाला अजून आठवतो. तो साधारण असा होता: एका गावात गेल्या जूनमध्ये अभ्यासिका सुरू झाली. तेथे नियमित येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले दहावीची होती. मार्चच्या परीक्षेत गावाचा दहावीचा निकाल आधीच्या वर्षापेक्षा चांगला लागला. आता निष्कर्ष पाहा. अ) अभ्यासिकेमुळे निकाल सुधारला. ब) प्रत्येक गावात अभ्यासिका असायला हवी. क) अभ्यासिकेत न येणाऱ्या मुलांना कमी गुण मिळाले. ड) अभ्यासिकेत नियमित येणाऱ्यांमध्ये दहावीखेरीज इतर मुले निम्म्याहून कमी होती.

आम्ही डोळे मिटून 'अ' लिहिले. बरोबर उत्तर 'ड' होते. आम्ही वाद घातला. "अगं, अभ्यासिकेने निकाल सुधारतोच. आपल्याच गावात पाहा ना." ती हसून म्हणाली, "फादर, ते तुमचं उत्तर आहे. उताऱ्याचं नाही."

तिचे बरोबर होते. निकाल सुधारण्याची कारणे अनेक असू शकतात. त्या वर्षी प्रश्नपत्रिका सोपी असेल, शाळेत नवे शिक्षक आले असतील किंवा मुळात ती तुकडीच हुशार असेल. उतारा याबद्दल काही बोलत नाही. 'ड' मात्र उताऱ्यातच आहे. निम्म्याहून अधिक दहावीची असतील, तर बाकीची निम्म्याहून कमी असणारच. उत्तर अगदी कोरडे आहे, त्यात काही नवे नाही, म्हणून त्याच्याकडे आमचे लक्षच गेले नाही. 'अ' आम्हाला आवडले, कारण अभ्यासिका आम्हीच सुरू केली आहे!

त्या रात्री आम्ही खाली आलो, पण तो कागद मनातून जाईना. का जाईना, ते पुढे सांगतो. आधी या प्रश्नांविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरोघरची मुले ते सोडवीत आहेत आणि पालकांना वाटते की हा नुसता आकडेमोडीसारखा सराव आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून दुसऱ्या पेपरचे रूप बदलले. त्यालाच मुले 'सीसॅट' म्हणतात. दोन तासांत ८० प्रश्न, २०० गुण. २०१५ पासून हा पेपर पात्रतेपुरता आहे, म्हणजे त्यात ३३ टक्के गुण मिळवावे लागतात, पण ते पुढे मोजले जात नाहीत. त्यात उतारे असतात आणि उताऱ्यांआधी स्पष्ट सूचना असते की उत्तरे केवळ उताऱ्याच्या आधारेच द्यावीत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो. अमेरिकेत कायद्याच्या महाविद्यालयांत प्रवेश देणाऱ्या 'एलसॅट' परीक्षेत आणि व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या 'जीमॅट'मध्येही असेच प्रश्न असतात. वकील आणि अधिकारी होऊ पाहणाऱ्यांना जगभर हे का विचारले जाते? कारण त्यांच्या हाती माणसे असणार आहेत. ज्याला कागदावरील पाच ओळींच्या पलीकडे उडी मारण्याची सवय आहे, त्याच्या हाती माणूस देणे धोक्याचे आहे.

आपल्या बँकांच्या परीक्षांत याच प्रश्नांचा आणखी एक प्रकार बरीच वर्षे येत आला आहे. उतारा देतात, त्याखाली एक विधान देतात आणि पाच पर्याय ठेवतात: विधान निश्चित सत्य आहे, बहुधा सत्य आहे, माहिती अपुरी आहे, बहुधा असत्य आहे, निश्चित असत्य आहे. गुडविन वॉटसन आणि एडवर्ड ग्लेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या चाचणीतही हेच पाच पर्याय आहेत. मुलांना सर्वांत जड जातो तो मधला पर्याय. 'माहिती अपुरी आहे' असे लिहिताना हात अडखळतो. आपल्याला काही कळले नाही असे वाटते. खरे तर ज्याला उतारा नीट कळला, त्यालाच ते लिहिता येते.

शिकवणीत मुलांना काही युक्त्या सांगतात. 'सर्व', 'फक्त', 'कधीच नाही' असे शब्द असलेल्या निष्कर्षाकडे संशयाने पाहावे. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे मानू नये. निष्कर्ष जगात खरा आहे का हे विचारू नये, उताऱ्यातून निघतो का हे विचारावे. आणि सर्वांत उपयोगी युक्ती ही: उताऱ्यातील प्रत्येक वाक्य खरे असूनही निष्कर्ष खोटा ठरेल अशी एखादी परिस्थिती आपल्याला कल्पिता येते का? सहज कल्पिता आली, तर आधार कच्चा आहे.

सेमिनरीत आम्हाला भारतीय तत्त्वज्ञानात न्यायदर्शन शिकवले. त्यातले नेहमीचे उदाहरण धुराचे आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच पायऱ्यांनी हे अनुमान मांडायचे. जेथे धूर तेथे अग्नी, हे बरोबर. पण उलटे केले की चूक होते. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा लाल गोळा पाहा, अग्नी आहे पण धूर नाही. धूर येण्यासाठी जळण ओले असावे लागते. या लपून राहिलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. अनुमान करणाऱ्याने आधी उपाधी शोधावी, अशी त्यांची शिस्त. पंचवीस वर्षांपूर्वी हे पाठ करून आम्ही पेपर लिहिला, गुणही चांगले मिळाले. मग जीवनात ते आठवले का? नाही आठवले.

आता त्या कागदाने झोप का उडवली ते सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांना ही गोष्ट अर्धी ठाऊक आहे. उरलेली अर्धी सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. ज्याच्याविषयी ती आहे, त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारून, त्यांच्या संमतीने लिहीत आहोत.

गेल्या वर्षीच्या सणाची गोष्ट. तीच आम्ही परीक्षेतल्या प्रश्नासारखी मांडतो. उतारा असा: सणाच्या रात्री खाद्यपदार्थांच्या टेबलावरील पेटीतली रोकड मोजली, तेव्हा कुपनांच्या स्थळप्रतींपेक्षा ४,२०० रुपये कमी भरले. मोबाईलवरून जमा झालेले पैसे वेगळे धरूनच हा हिशेब केला होता. संध्याकाळी सात ते साडेनऊ पेटी युवा गटातील एका मुलाकडे होती. मोजणी सुरू होण्यापूर्वी तो कोणाला न सांगता घरी गेला आणि त्या रात्री परत आला नाही. पुढच्या रविवारी त्याच्या हातात नवा मोबाईल होता.

खालीलपैकी कोणत्या निष्कर्षाला सर्वांत भक्कम आधार आहे? अ) पैसे त्या मुलाने घेतले. ब) पेटी त्याच्याकडे असताना पैसे कमी झाले. क) घाबरून तो मोजणीपूर्वी निघून गेला. ड) मोजणीच्या वेळी तो तेथे नव्हता, त्यामुळे कमी भरलेल्या रकमेबद्दल त्याला तेथे समोरासमोर विचारता आले नाही.

कागदावर मांडले की उत्तर शाळकरी पोरगेही देईल. 'ड'. तेवढेच उताऱ्यात आहे. 'अ' नाही, 'ब' नाही, 'क' तर नाहीच, कारण कोणाच्या मनात भीती होती की नाही हे उतारा सांगत नाही. पण त्या आठवड्यात मिस्सानंतर चर्चच्या अंगणात, बसस्टॉपवर, भाजीच्या टोपल्यांजवळ आपण सर्वांनी 'अ' लिहिले. कोणी मोठ्याने लिहिले, कोणी "जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय" असे म्हणून लिहिले.

आणि आम्ही? आम्ही कोणाला एक शब्दही बोललो नाही. त्याचा आम्हाला तेव्हा थोडा अभिमानही वाटत होता. फक्त नाताळच्या गोठ्याची वर्गणी गोळा करणाऱ्यांची यादी लावली, तेव्हा त्याचे नाव गाळले. दरवर्षी त्याचे नाव असायचे. यादी सूचनाफलकावर लागली आणि सगळ्या गावाने ती वाचली. न बोलता आम्हीही 'अ' लिहिले होते आणि त्यावर पॅरिशचा शिक्का मारला होता. त्या दिवसापासून मुलगा चर्चमध्ये दिसेनासा झाला. तेव्हा काही लोक म्हणाले, "बघा, तोंड दाखवत नाही." म्हणजे आमच्या चुकीचा परिणामही त्याच्याविरुद्ध पुरावा ठरला!

सात आठवड्यांनी जनरेटरवाला आपले बिल घेऊन आला. बिलाच्या तळाशी लिहिले होते: आगाऊ मिळाले ४,२०० रुपये. आम्ही विचारले, कोणी दिले? तो म्हणाला, सणाच्या दिवशी साडेसहाच्या सुमारास टेबलावरच्या काकांनी पेटीतून काढून दिले. त्या काकांना आम्ही बोलावले. ते वयोवृद्ध, सरळ गृहस्थ आहेत. त्यांनी कपाळाला हात लावला. डिझेल संपत आले होते, गडबडीत पैसे दिले आणि चिठ्ठी ठेवायची राहिली. पेटी त्या मुलाच्या हाती येण्यापूर्वीच रक्कम गेली होती. म्हणजे 'ब'सुद्धा खोटे होते.

आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्या रात्री आजीचा श्वास कोंडला म्हणून धाकट्या बहिणीने फोन केला होता आणि तो धावत सुटला होता. मोबाईल मोठ्या भावाने हप्त्यांवर घेऊन दिला होता. आम्ही क्षमा मागितली. आईने चहा ठेवला. मुलगा बराच वेळ खाली बघत बसला होता. मग एवढेच म्हणाला, "फादर, तुम्ही मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. परीक्षेतला उतारा मुका असतो. त्याला आपण काही विचारू शकत नाही, त्यात असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. जीवनात तसे नसते. येथे उताऱ्यातली गाळलेली ओळ माणसाच्या तोंडात असते. ती ऐकायला चार पावले चालून जावे लागते, इतकेच. परीक्षेत 'माहिती अपुरी आहे' या पर्यायावर प्रश्न संपतो. जीवनात त्याच पर्यायापासून आपले काम सुरू होते.

कोणी म्हणेल, फादर, परीक्षा वेगळी आणि जग वेगळे. जगात माणूस अनुभवावरून ताडतो. प्रत्येक वेळी पुरावा मागत बसलो तर दूधवाल्याकडून दूधही घेता येणार नाही. हे म्हणणे अगदी बरोबर आहे. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० साली लिहिलेल्या आपल्या 'ग्रामर ऑफ असेंट' या ग्रंथात हाच विषय घेतला आहे. २०२५ च्या १ नोव्हेंबरला त्यांना ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून घोषित करण्यात आले. त्यांचे म्हणणे असे की जीवनातील बहुतेक खात्री गणितासारख्या सिद्धतेने येत नाही. अनेक लहान-लहान संभाव्यता एका दिशेने येतात आणि मिळून मनाला खात्री देतात, जसे सुटे धागे कमकुवत असले तरी त्यांचा पिळलेला दोर भक्कम होतो.

आमच्याकडेही चार धागे होते, मग आमचा दोर का तुटला? कारण ते धागे वेगवेगळे नव्हतेच. पैसे कमी भरले आणि त्याच्याकडे पेटी होती, एवढ्यावरून संशय आला. मग त्या संशयाने बाकीच्या गोष्टी रंगवल्या. एरवी एखादा मुलगा लवकर घरी गेला, तर कोण लक्षात ठेवतो? त्या रविवारी अंगणात आणखी किती मुलांच्या हातांत नवे मोबाईल होते, ते कोणी मोजले? मोबाईलने संशय सिद्ध केला असे आम्हाला वाटले. वास्तविक संशय होता म्हणूनच मोबाईल दिसला. एकच धागा चार वेळा मोजला आणि दोर समजून बसलो. शिवाय नैयायिकांनी सांगितलेला उलटा-सुलटा दोषही घडला. पैसे घेणारा लवकर पळून जातो, हे एक वेळ मान्य करू. पण लवकर गेला त्याने पैसे घेतले, हे त्यावरून कसे निघते? जेथे अग्नी तेथे धूर म्हणण्यातलाच हा प्रकार आहे.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात एली याजकाची हकिकत आहे. शिलो येथील मंदिराच्या दाराशी तो बसला होता. हन्ना नावाची एक दुःखी स्त्री प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. एलीने ठरवले की ही प्यायलेली आहे आणि तिला दारू सोडायला सांगितले. अनुमान साफ चुकले. पण एली आमच्यापेक्षा एका बाबतीत बरा होता. जे मनात आले, ते तो तिच्या तोंडावर बोलला. म्हणून तिला उत्तर देता आले, आपले दुःख सांगता आले, आणि ज्या एलीने दोष दिला त्यानेच तिला शांतीने जाण्याचा आशीर्वाद दिला. चूक अर्ध्या घटकेत सुधारली. आमची सुधारायला सात आठवडे लागले, तीही बिल आले म्हणून. जनरेटरवाल्याने आगाऊ रकमेची नोंद केली नसती तर? या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये इतरांविषयी निवाडा करण्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. पुरेशा आधाराशिवाय संशयावरून दुसऱ्याला दोषी ठरवणे हा अन्याय आहे, असे ते म्हणतात. संशय कोठून येतो याची त्यांनी तीन कारणे दिली आहेत. आपण स्वतः वाईट असलो की सगळे तसेच दिसतात. एखाद्याविषयी मनात अढी असली की क्षुल्लक खुणाही पुरतात. आणि पुष्कळ जग पाहिलेल्या माणसाला अनुभवामुळे संशय येतो. मग त्यांनी एक आक्षेप स्वतःच घेतला आहे: प्रत्येकाविषयी चांगलेच मानले तर आपण वारंवार फसू, त्याचे काय? त्यांचे उत्तर असे की वाईट माणसाला चांगले समजून अनेकदा फसलेले बरे, पण चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचितही चुकू नये. कारण पहिल्या चुकीत कोणावर अन्याय होत नाही, दुसरीत होतो. सीसॅटमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण आपलेच वजा होतात. जीवनात उत्तर आपण चुकतो आणि गुण दुसऱ्याचे वजा होतात.

पण येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली नाही, तर हा लेखही अर्धाच राहील. 'माहिती अपुरी आहे' हा पर्याय भित्र्यांनाही फार आवडतो. घरात सुनेला मारहाण होत आहे, शेजाऱ्यांना रडणे ऐकू येते, आणि आपण म्हणतो, नक्की काय ते आपल्याला माहीत नाही. एखादे मूल कोणा मोठ्या माणसाजवळ जायला घाबरते, आणि आपण म्हणतो, उगाच कोणाविषयी वाईट कशाला बोला. मोठ्या पदावरील माणसांविषयी ऐकलेल्या तक्रारी 'पुरावा नाही' म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या आणि त्यामुळे लहान मुलांचे किती नुकसान झाले, हे ख्रिस्तसभेने अनेक देशांत लाजेने शिकले आहे. त्याला प्रेम म्हणत नाहीत.

अक्वायनस यांनी हाही भेद केला आहे. माणसाला दोषी ठरवायचे असेल तेव्हा संशयाचा फायदा त्याला द्यावा. पण संभाव्य अपायावर उपाय करायचा असेल तेव्हा वाईटात वाईट शक्यता गृहीत धरून उपाय करावा, म्हणजे तो नक्की लागू पडतो. तसे केल्याने कोणावर दोष ठेवला जात नाही. यंदापासून आपल्या सणाच्या प्रत्येक पेटीवर दोन माणसे असतील, पेटी हातोहात देताना रक्कम मोजून दोघांची सही होईल आणि पेटीतून काढलेल्या प्रत्येक रुपयाची चिठ्ठी राहील. यात कोणावर अविश्वास नाही. गेल्या वर्षी हा नियम असता, तर एका मुलाचे नाव वाचले असते. चर्चमध्ये मुलांच्या वर्गात दोन मोठी माणसे असावीत, हा नियमही याच जातीचा आहे. कोणी रागावू नये.

दोषारोप आणि गप्प बसणे यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, ती चौकशीची. दानिएलच्या पुस्तकात सुसान्नाच्या प्रसंगी लोकसभेने दोन वडीलधाऱ्यांच्या शब्दावर तिला दोषी ठरवले. तरुण दानिएल 'आपल्याला काय कळणार' म्हणून घरी गेला नाही. त्याने दोघांना वेगवेगळे उभे केले आणि साधा प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघांनी दोन झाडे सांगितली. एका प्रश्नाने निरपराध जीव वाचला. तेथे जमलेल्या मोठमोठ्यांपैकी कोणालाच तो सुचला नव्हता.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेखाली हाच विषय घेतो. पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनातही खरा मानणे हे पाप आहे, असे परिच्छेद २४७७ सांगतो. आणि परिच्छेद २४८७ म्हणतो की सत्याविरुद्ध व न्यायाविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करावी लागते, क्षमा मिळाली तरीही. आम्ही पापनिवेदन केले आहे. पण आम्ही केलेला अन्याय सूचनाफलकावर झाला होता, चार भिंतींत नव्हे. म्हणून त्याची भरपाईही चार भिंतींत होणार नाही. तो मुलगा निर्दोष आहे. त्याला दोषी मानण्यास कधीच आधार नव्हता. आम्ही चुकलो, आणि हे आम्ही या पानावर, आपल्या सर्वांसमोर लिहीत आहोत.

आपल्याकडून आमची एकच विनंती आहे. ज्यांनी ती अर्धी गोष्ट ज्यांना सांगितली, त्यांनी उरलेली अर्धी त्यांनाच जाऊन सांगावी. माहेरी फोनवर सांगितली असेल तर माहेरी फोन करावा. गोष्ट जितकी लांब गेली, तितकीच लांब दुरुस्तीही गेली पाहिजे.

तो मुलगा आता रविवारी पहिल्या मिस्साला येतो. मागे, खांबापाशी उभा राहतो आणि संपल्याबरोबर निघून जातो. या वर्षी पेटी सांभाळशील का, असे आम्ही त्याला विचारले. "बघतो, फादर," एवढेच तो म्हणाला. यावरून काय निष्कर्ष काढायचा? त्या रात्रीच्या मुलीने आम्हाला शिकवले आहे: उताऱ्यात आहे तेवढेच. 'बघतो' म्हणाला, म्हणजे बघतो म्हणाला. आम्ही वाट पाहू.

प्रभू आपल्या जिभेला धीर आणि पायांना घाई देवो, म्हणजे बोलण्यापूर्वी आपण विचारायला जाऊ.

आपले,
प्रमुख धर्मगुरू